शेवटच्या भट्टीपासून दोनशे पावलं

साफीकर चाचांना कुणी पत्ता विचारला, की ते आधी त्या माणसाला वळवून उभं करायचे. सोलापुरात विजापूर वेशीजवळ त्यांचं धोटे दुरुस्त करायचं दुकान होतं. मागावर या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारा लाकडी धोटा घासूनपुसून गुळगुळीत करायचा, फुटला असेल तर सांधायचा, हे त्यांचं काम. परगावचा एखादा माणूस रस्त्यात थांबून विचारायचा, "चाचा, कलेक्टर कचेरी कुठं हो?" चाचा हातातली कानस खाली ठेवायचे, फळीवरून उतरायचे, त्याचे दोन्ही खांदे धरायचे आणि म्हणायचे, "पैलं तोंड किब्ल्याला करा. मग सांगतो." किब्ला म्हणजे नमाजाची दिशा, हे त्या माणसाला ठाऊक नसायचं. तो गोंधळून बघत राहायचा. "मावळतीला हो, मावळतीला!" असं म्हणत चाचाच त्याला फिरवायचे आणि मग डावं-उजवं सांगायला लागायचे. एकदा इंडीकडून आलेल्या एका जाडजूड भुसार व्यापाऱ्याला त्यांनी असं गर्रकन फिरवलं. तो पडता पडता सावरला आणि म्हणाला, "अहो, मला फक्त लघवीला जागा पाहिजे होती!" चाचा गंभीरपणे म्हणाले, "मग तर तोंड कुटं हाय ते आधी बघायलाच पायजे की. किब्ल्याला तोंड करून बसत न्हाईत."

त्यांचं खरं नाव पेठेत फार थोड्यांना माहीत होतं. साफी हे मोरोक्को देशातलं एक बंदर, आफ्रिकेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, अटलांटिकच्या काठी. चाचा मालवाहू जहाजावर सुतार होते आणि त्या बंदरात ते चौदा महिने अडकून पडले होते. सोलापुरात परत आल्यावर त्यांनी जहाज सोडलं, दुकान घातलं, आणि कानस चालवता चालवता त्या गावाबद्दल बोलायला सुरुवात केली ती कधी थांबवलीच नाही. पोरांनी मग मोहोळचा मोहोळकर तसं त्यांना साफीकर करून टाकलं. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. "चौदा म्हैने पाणी प्यालो तितलं," ते म्हणायचे. "आडनाव लागनारच की."

मी हे त्यांची गंमत सांगायला लिहीत नाही. मंद्रूपच्या एका घरात चाचा खोटारडे ठरले आणि तसेच ते मेले. ते खोटं बोलले नव्हते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आज मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. माझ्यानंतर हे सांगणारं कुणी नाही, म्हणून लिहितो.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. शाळा सुटली की चाचांच्या दुकानाला सायकल टेकवायची, पलीकडून दोन कटिंग यायचे, आणि चाचा म्हणायचे, "क्या मास्तर, चलना?" चलना म्हणजे साफीला. सुरुवात नेहमी बंदरापासून व्हायची. बंदरातून बाहेर आलं की पहिला समुद्रकोट. पाचशे वर्षांमागं पोर्तुगीजांनी बांधलेला, दगडी, अगदी पाण्याच्या काठाला, वर तोफा आणि तोफांची तोंडं समुद्राकडे. लाटा त्याच्या खालचा खडक दिवसरात्र खातात. "आपला भुईकोट बघा मास्तर. तळ्याकाठी बसलाय निवांत, पाय सोडून. तितला कोट रोज मार खातो. उभा हाय, पन पायाखाली काय न्हाय त्याच्या." समुद्रकोट ओलांडला की जुन्या गावाची मोठी गल्ली. तिथे बारकी मासळी निखाऱ्यावर भाजत असायची आणि गल्लीभर धूर. गल्लीच्या कडेला आत शिरलं की पोर्तुगीजांच्याच मोठ्या चर्चची उरलेली एकुलती एक खोली. तिच्या छताला दगडी फासळ्या होत्या. चाचा सुतार असल्यामुळे त्यांना ते छत पालथी घातलेली होडी वाटायची. "दगडाची होडी केली येड्यांनी, आनि उलटी टांगली."

मग गल्ली चढत चढत जायची ती घळीच्या दरवाजापर्यंत. त्या दरवाजाबाहेर पडलं की समोर कुंभारांची टेकडी. घुमटासारख्या मातीच्या भट्ट्या एकीच्या डोक्यावर एक, साऱ्या टेकडीभर. कुंभार झुडपं जाळून भट्ट्या पेटवायचे, थाळ्यांवर निळ्या रंगानं नक्षी काढायचे, आणि त्यांच्या बापजाद्यांपासून हेच चाललेलं होतं. चाचांनी अडकलेल्या दिवसांत त्यांची लाकडी चाकं दुरुस्त करून दिली होती. त्याबद्दल भाकरी मिळायची. टेकडीवरची शेवटची भट्टी आली की चाचा थांबायचे. कुणी म्हणालं, "पुढं काय चाचा?" तर म्हणायचे, "बस्स. म्होरचं घरच्यांसाठी हाय."

त्यांचं एक वाक्य मला फार आवडायचं. सांजेची नमाज आटपून आले की कधीकधी म्हणायचे, "मास्तर, हितं नमाजला उभं राहिलं की समुद्र समोर, लई लांब. तितं उभं राहिलं की समुद्र पाठीशी, हातभर." मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. वर्गातही एकदोनदा म्हणून दाखवलं. किती छान बोलतात चाचा, एवढंच मला वाटलं.

आता घरच्यांबद्दल. दर अमावास्येला मंद्रूपहून धुळव्वा यायची. धनगराची बाई, काळी, उंच, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन ती चालत विजापूर वेशीपर्यंत यायची, पिशवीतून ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून चाचांच्या फळीवर ठेवायची, आणि खाली पोत्यावर बसून डोळे मिटायची. "चल रं चाचा," म्हणायची. चाचा तिला आव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. मग ते बंदरापासून सुरुवात करायचे. समुद्रकोट, गल्ली, उलटी होडी, दरवाजा. मध्येच ती डोळे न उघडता विचारायची, "आता कुटं आलो?" चाचा म्हणायचे, "चढ हाय आव्वा. बस जरा. दम घे." आणि खरोखरच दोघं थोडा वेळ गप्प बसायची. शेवटच्या भट्टीनंतरचा रस्ता तेवढा तिच्यासाठी होता. तो संपला की चाचा हळू आवाजात म्हणायचे, "आलो, आव्वा." ती डोळे पुसायची, उठायची आणि एसटी गाठायला निघून जायची.

त्या रस्त्याच्या शेवटी तिचा मुलगा होता. बिरप्पा. चाचा जहाजावरून सुट्टीला आले असताना तो कामासाठी मागं लागला आणि चाचांनी त्याला खटपट करून जहाजावर सफाईच्या कामाला लावून घेतलं. दुसऱ्याच खेपेला साफीच्या बंदरात मालकानं जहाज सोडून दिलं. पगार बंद, एजंट गायब, पासपोर्ट कुणाच्या कपाटात ते कुणाला ठाऊक नाही. जहाज सोडून गेलात तर पगार बुडाला, आणि थांबलात तर खायला नाही. सातव्या महिन्यात बिरप्पाला ताप भरला. बंदरातल्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली. आठव्या दिवशी तो गेला. जळण कुठलं आणणार, कुणाला सांगणार? मुसलमानांच्या कबरस्तानात जागा देईनात. शेवटी टेकडीपलीकडच्या गोऱ्या लोकांच्या जुन्या, ओस पडलेल्या दफनभूमीच्या राखणदारानं एका कोपऱ्यात खड्डा घेऊ दिला. चाचांनी त्याला स्वतः अंघोळ घातली. "मला येत होतं तसंच केलं, आव्वा," त्यांनी पहिल्या भेटीत धुळव्वाला सांगितलं होतं. ती म्हणाली, "आमच्यात बी पुरत्यातच की रं. कुटं ठेवलास तेवढं दाव मला."

बिरप्पाच्या डाव्या हातावर जत्रेत गोंदून घेतलेलं त्याचं नाव होतं. पुरण्याआधी चाचांनी एका म्हाताऱ्या कुंभाराला आणून तो हात दाखवला. कुंभारानं ती अक्षरं जशीच्या तशी एका फरशीवर निळ्या रंगात काढली आणि भट्टीत भाजून दिली. त्याला मराठी येत नव्हतं, चाचांना वाचता येत नव्हतं. "दोन अडान्यांनी मिळून लिवलं मास्तर," चाचा म्हणायचे, "पन एक रेघ चुकली नसंल." ती फरशी त्यांनी बिरप्पाच्या डोक्याशी बसवली.

मृत्यूचा कागद घरी आला त्यात फक्त गावाचं नाव होतं. कुठे पुरलं त्याचं काही नव्हतं. ते फक्त चाचांच्या डोक्यात होतं. त्यांनी धुळव्वाला शब्द दिला होता, की तुझ्या घरातलं माणूस एक ना एक दिवस तिथं जाईल आणि मी त्याला रस्ता सांगेन. दुकानात कुणीही आलं तरी ते साफीचं वर्णन का करत बसतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. विसरू नये म्हणून ते रोज तो रस्ता चालत होते.

असा माणूस खरोखरच मिळाला. धुळव्वाच्या थोरल्या मुलाचा, सिद्रामचा, मेव्हणा मंद्रूपलाच राहायचा. त्याचा मुलगा प्रकाश जहाजावर इंजिनियर झाला होता, आणि त्याचं जहाज खताचा माल भरायला साफीला जाणार होतं. धुळव्वा, सिद्राम, प्रकाश सगळे दुकानात आले. चाचांनी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता. मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. "मास्तर, तुमचं अक्षर छापल्यावानी. तुमी लिवा. मी सांगतो."

मी लिहायला बसलो. शेजारचे दोघेतिघे मागकामगारही ऐकत उभे होते. समुद्रकोट, गल्ली, दरवाजा, टेकडी. मी छान वळणदार अक्षरात, मुद्दे पाडून लिहीत होतो. मग चाचा म्हणाले, "शेवटच्या भट्टीपाशी उभं राहायचं. तोंड किब्ल्याला करायचं. सरळ दोनशे पावलं." मी क्षणभर थांबलो. कागद प्रकाश वाचणार होता. त्याला किब्ला काय कळणार? किब्ला म्हणजे मावळती हे तर मी चाचांच्याच तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. मी लिहिलं: शेवटच्या भट्टीपासून पश्चिमेकडे तोंड करून दोनशे पावले.

पुढचं मी जसंच्या तसं लिहिलं. पांढरा घुमट डाव्या हाताला, पडकी भिंत, लोखंडी फाटक, आत गेल्यावर उजवीकडचा टोकाचा कोपरा, निळ्या अक्षरांची फरशी. कागदाची घडी घालताना चाचा म्हणाले, "एकडाव वाचून दावा की, मास्तर."

मी म्हणालो, "चाचा, तेहतीस वर्षं भूगोल शिकवतोय. आता तुम्ही मला दिशा शिकवणार?"

सगळे हसले. चाचाही हसले. "हौ बाबा, मास्तर हायत," म्हणाले आणि कागद प्रकाशच्या हातात दिला. धुळव्वानं प्रकाशच्या रुमालात मंद्रूपच्या शेतातली मूठभर माती बांधून दिली होती, बिरप्पाच्या उशाशी टाकायला.

चार महिन्यांनी सिद्राम एकटाच आला. बाजारचा दिवस होता, रस्ता भरलेला होता, मी दुकानातच बसलो होतो. त्यानं खिशातून प्रकाशनं काढलेले फोटो काढून फळीवर एकेक आपटले. "चाचा, ह्यो किल्ला. हाय. ही गल्ली. हाय. दरवाजा, हाय. भट्ट्या, हायत. समदं गाव खरं निघालं, माझा भाऊ तेवढा खोटा?"

चाचा फोटोंकडे बघतच राहिले होते. इतक्या वर्षांनी ते गाव त्यांना दिसत होतं. त्यांनी विचारलं, "गावला न्हाय का बिरप्पा?"

"कागदात लिवल्यापरमानं गेलं पोरगं. भट्टीम्होरं घरं लागली, घरांम्होरं परत त्योच किल्ला, आन मग समुद्र. तीन तासांची सुट्टी होती त्याला. माती तशीच परत आणली त्यानं. समुद्रात पुरलास व्हय रं माझ्या भावाला?"

"समुद्र कसा लागंल?" चाचा म्हणाले. "किब्ल्याला तोंड केलं तर समुद्र पाठीशी ऱ्हातो. मास्तर, तुमी हायसा म्हनून बरं झालं. वाचा की कागद. काय लिवलंय बघा."

सिद्रामनं कागद माझ्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं. माझी नजर त्या ओळीवर गेली आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. भूगोलाच्या मास्तराला ते कळायला नकाशाही लागला नाही. मक्का सोलापूरच्या पश्चिमेला आहे. मोरोक्को मक्केच्याही पलीकडे, आणखी पश्चिमेला. तिथला माणूस नमाजाला पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो, समुद्राकडे पाठ करून. चाचांनी हे मला शंभर वेळा सांगितलं होतं, आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

माझ्यासमोर दहाबारा माणसं उभी होती. त्यांतले दोघे माझे जुने विद्यार्थी. मी मोठ्यानं वाचलं, "शेवटच्या भट्टीपासून किब्ल्याकडे तोंड करून दोनशे पावले."

कागदावर पश्चिम होतं. माझ्या तोंडातून किब्ला आलं. नुसता एक शब्द मी बदलला.

चाचा गोंधळले. "बरोबर तर हाय," म्हणाले. "मग पोरगं उलटं वळलं आसंल."

"त्यो इंजिनियर हाय. जहाज चालवतो," सिद्राम म्हणाला. "त्याला दिशा कळत न्हाईत, आन तुला कळत्यात?"

मग तो बरंच बोलला. पोराला तूच नेलंस, तिथं काय झालं ते तुलाच ठाऊक, आणि दहा वर्षं माझ्या आईला गोष्टी सांगून भाकरी खाल्लीस. गर्दीतल्या कुणी कुणी मान हलवली. कुणी आणखी वाईट बोललं, धर्मावर घसरलं. मुसलमान माणसानं हिंदूचं पोर परमुलखात नेलं, यापुढची गोष्ट लोक आपली आपण तयार करतात. मला ते दिसत होतं. ते माझ्या सोयीचं होतं हेही मला तेव्हाच कळत होतं. कागद मी खिशात घातला. कुणी परत मागितला नाही.

त्या रात्री ठरवलं, उद्या सांगू. त्या वर्षी माझी निवृत्ती होती. शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, एक आदर्श भूगोल शिक्षक असं फलकावर लिहून झालं होतं. म्हटलं, ते झालं की मंद्रूपला जाऊ. ते झालं. मग मुलीचं लग्न निघालं. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी सांगितलं तर लोक विचारतील, तेव्हा का नाही बोललात? खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी कारण नवीन होतं आणि भीती तीच होती.

धुळव्वा पुढच्या अमावास्येला आली नाही. त्यापुढच्याही नाही. चाचा त्या दिवशी भाकरीसाठी फळीवर जागा करून ठेवायचे आणि अंधार पडला की परत तिथे धोटे मांडायचे. ते एकदा स्वतः मंद्रूपला गेले, पण त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. त्यांनी मला ते सांगितलं नाही, एसटीच्या कंडक्टरकडून कळलं.

एका दुपारी त्यांनी कानस थांबवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मास्तर, माझंच चुकलं का वो? भट्टीनंतर मी कुटं वळलो? आता डोळे मिटले की कधी घुमट डावीकडं दिसतो, कधी उजवीकडं. आपन पुरला त्याला, एवढं याद हाय. माती माझ्या नखात होती. पन कुटं?"

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "वय झालं, चाचा. होतं असं."

"हौ," ते म्हणाले. "वय झालं."

त्यानंतर त्यांनी साफीचं नाव काढलं नाही. पोरं चिडवायची, "साफीकर, आज कुठपर्यंत?" ते हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. एकदा मी दुकानात असताना एका माणसानं पोस्टाचा रस्ता विचारला. चाचा कानस हातात धरून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "म्होरं कुनाला तरी इचारा." तो माणूस गेल्यावरही ते बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. माझी सायकल त्यांच्या दुकानाला टेकवणं मी हळूहळू बंद केलं.

धुळव्वा दोन वर्षांनी गेली. चाचा त्यानंतर सातआठ वर्षांनी. मी मयतीला गेलो, सगळ्यात मागे उभा राहिलो. कबरीत त्यांचं तोंड किब्ल्याकडे करून ठेवलं. इथल्या किब्ल्याकडे, मावळतीला. त्यांच्या पोरानं मला ओळखून हात जोडले आणि म्हणाला, "अब्बा तुमचं नाव लई घ्यायचे. मास्तरांचं अक्षर छापल्यावानी, म्हनायचे."

तो कागद माझ्या कपाटात, नकाशांच्या पुस्तकात इतकी वर्षं आहे. गेल्या महिन्यात मी प्रकाशचा नंबर मिळवला. तो आता जहाज सोडून पुण्यात राहतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ती ओळ मला पुन्हा वाचून दाखवायला लावली. मग म्हणाला, "म्हणजे मी उलटा गेलो, काका. पूर्वेकडे मी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तो कोपरा माझ्या पाठीमागे होता." मी विचारलं, आता कुणाला सांगून शोधता येईल का? तो म्हणाला, नंतर एकदा त्याचं जहाज साफीला लागलं होतं. समुद्रकोटाचा एक बुरूज ढासळलेला होता, खाली लाटांनी खडक पोखरून काढलाय, लोकांना आत सोडत नाहीत. टेकडीच्या मागच्या अंगाला घरं झाली होती, दाट. भिंत किंवा फाटक असं काही त्याला आठवत नव्हतं. "पण मी काही बघायला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "मला राग होता ना, चाचांचा."

मग मी मंद्रूपला गेलो. सिद्राम आता सत्तरीचा आहे, अंगणात बाजेवर बसलेला होता, दोन शेळ्या बांधलेल्या. मी कागद काढला, ओळ दाखवली, सगळं सांगितलं. वाटलं होतं तो उठून मारेल. तो कागदाकडे बघत राहिला. त्याला अजूनही वाचता येत नाही. मग बोट ठेवून विचारलं, "ह्यो शबुद का?" मी म्हणालो, "हो. हाच."

"एवढाच?"

"एवढाच."

त्यानं कागद माझ्याकडे परत दिला. म्हणाला, "आई शेवटच्या दिवसांत घोंगडं अंगावर घेत नव्हती. थंडीचे दिवस. म्हनायची, बिरप्पाला दे, पान्यात गारठला आसंल त्यो." पुढं तोच म्हणाला, "चाचाला मी गावात पाय ठिवू दिला न्हाय. वेशीवर त्यो पाया पडत होता माझ्या." मग एकदम म्हणाला, "आता कुनाला सांगायला आलासा मास्तर? हितं कोन ऱ्हायलंय?" मी उठलो. त्यानं मला थांबवलं नाही, पाणीही विचारलं नाही.

त्याचं बरोबर आहे. सांगायला कुणी उरलेलं नाही. ज्या बाईला ऐकायचं होतं ती पाण्याचा विचार करत गेली, आणि ज्याला रस्ता पाठ होता तो आपली आठवण खोटी समजून गेला. टेकडीमागे घरं झाली आहेत आणि ती फरशी कुणाच्या तरी पायाखाली गाडली गेली असेल. तरीही कागद दुरुस्त करून ठेवतो. या वेळी चाचांच्याच शब्दांत, माझा एकही शब्द न घालता.

बंदरातून भायेर या. समुद्रकोट लागंल. त्याला पाठ करा. मोठ्या गल्लीनं चढा, धूर लागंल, उलटी होडी लागंल. घळीचा दरवाजा. म्होरं कुंभारांची टेकडी. दम घ्या. शेवटच्या भट्टीपाशी उभं राहा. तोंड किब्ल्याला करा. समुद्र पाठीशी ऱ्हायला पायजे. सरळ दोनशे पावलं. पांढरा घुमट डाव्या हाताला. पडकी भिंत, लोखंडी फाटक. आत उजवीकडं, टोकाला. निळी अक्षरं हायत.

आलो, आव्वा.